वरच्या सभागृहातली आपली खुर्ची

२७ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्राच्या विधान परिषदेतले अकरा सदस्य निवृत्त झाले. त्यात वजाहत मिर्झा आणि अब्दुल्ला खान उर्फ बाबाजानी दुर्राणी हे दोघे होते. त्या दिवसानंतर वरच्या सभागृहात एकही मुस्लिम सदस्य उरला नाही. १९३७ साली हे सभागृह अस्तित्वात आल्यापासून असं पहिल्यांदाच घडतंय, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या. दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्या आणि विरल्या. पुढे १५ ऑक्टोबरला राज्यपालनियुक्त सात सदस्यांनी शपथ घेतली, त्यात सांगली-मिरजेचे माजी महापौर इद्रिस नायकवडी होते. म्हणजे शून्याचा एक झाला.

या शून्यावर आपल्याकडे दोनच प्रकारचे लोक बोलले. एकांनी ‘आपल्याला कोणी विचारत नाही’ असा उसासा टाकला. दुसऱ्यांनी ‘विधान परिषद म्हणजे पडलेल्या पुढाऱ्यांची सोय, तिथे कोण आहे याने काय फरक पडतो’ असं म्हणून विषय मिटवला. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. ही खुर्ची आपल्याला कशी मिळाली, कोणत्या किमतीला मिळाली, मग ती कशाच्या भरवशावर टिकली आणि अखेर का रिकामी झाली, हे पाहिल्याशिवाय रडण्यात किंवा हसण्यात अर्थ नाही.

सुरुवात मुंबई बेटापासून करावी लागते. इंग्रज राजाने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिलेलं हे बेट दोनशे वर्षांत सिंधपासून धारवाडपर्यंतच्या इलाख्याची राजधानी झालं. १८५७ च्या उठावानंतर सरकारला कळलं की इथल्या लोकांचं काहीच न ऐकता कायदे करत राहणं धोक्याचं आहे. १८६१ चा कौन्सिल कायदा त्यातून आला. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाऊन हॉलच्या दरबार दालनात भरली. आज तिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. अध्यक्षस्थानी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क. नेमलेल्या पहिल्या हिंदी सदस्यांत जगन्नाथ शंकरशेट, रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई, सरदार माधवराव विंचूरकर आणि सावनूरचे नवाब अशी चार नावं होती.

सावनूर आज कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात येतं, तेव्हा ते धारवाडकडचं छोटं संस्थान. मुंबईत तेव्हा कोकणी मुसलमान नाखुदा होते, मेमण आणि खोजे व्यापारी होते, बोहरे होते. सरकारने निवडला तो मात्र नवाब. विंचूरकर सरदार, जीजीभाई धनाढ्य घराण्यातले, शंकरशेट मुंबईच्या सावकारीतले मोठे नाव. पहिल्या दिवसापासून हे सभागृह वजनदार माणसांचं होतं. मुसलमानाला जागा मिळाली ती मुसलमान म्हणून नव्हे, ‘खानदानी माणूस’ म्हणून. या सदस्यांना प्रश्न विचारायचा अधिकारच नव्हता. सरकारने मांडलेल्या विधेयकावर बोलायचं आणि उठायचं. अंदाजपत्रकावर चर्चा आणि प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने आली.

या बैठ्या सभागृहात आवाज आणणाऱ्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते. मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर. १८८२ मध्ये त्यांची कौन्सिलवर नेमणूक झाली. पाच वर्षांनी, १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी करण्यात ज्यांचा हात होता, तेच हे गृहस्थ. समाजाची शाळा काढणं आणि देशाच्या राजकारणात बसणं या दोन गोष्टींत त्यांना भांडण दिसलं नाही. सर सय्यद अहमद खान यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला तो याच मुद्द्यावर. सर सय्यद यांचं म्हणणं की काँग्रेसमध्ये जाऊन मुसलमान बहुसंख्येच्या हाती सापडेल. तय्यबजींचं म्हणणं की जिथे मतभेद आहे तो विषय बाजूला ठेवू, पण बाहेर राहून काही मिळणार नाही. त्यांच्या मागोमाग रहिमतुल्ला सयानी आले. तेही मुंबई कौन्सिलचे सदस्य, तेही १८९६ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष. त्याच सुमारास टिळक १८९५ मध्ये निवडून आले. मग गोखले आले. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या दुरुस्ती विधेयकावर फिरोजशहा मेहता आणि गोखले सभात्याग करून बाहेर पडले, तेव्हा हे सभागृह पहिल्यांदा खऱ्या अर्थाने राजकीय झालं. आज सभात्याग रोजचा झाला आहे. तेव्हा ती मोठी गोष्ट होती.

इथे मला थोडं थांबायचंय. तय्यबजी, सयानी हे स्वतंत्र मतदारसंघातून आलेले नव्हते. स्वतंत्र मतदारसंघ ही कल्पना पुढची. १ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखानांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉयला भेटलं, आणि १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत मुसलमानांनी मुसलमान निवडायचा अशी तजवीज झाली. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसने ती मान्य केली. त्या करारात मुंबई इलाख्यासाठी निवडून येणाऱ्या हिंदी सदस्यांपैकी एक तृतीयांश मुसलमान असं प्रमाण ठरलं. त्या कराराला टिळकांचा पाठिंबा होता, हे आज टिळकांचं नाव घेणाऱ्यांनाही आठवत नाही आणि आपल्यालाही नाही. अर्थात तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होतं. त्यामुळे ‘मुंबईचे मुसलमान सदस्य’ म्हटलं की त्यात सिंधी जमीनदारच भरलेले असत. कोकणातला मच्छीमार, सोलापूरचा विणकर, आपल्या मावळ-मुळशीतला पिंजारी, आतार, तांबोळी, मुलाणी यांची या प्रमाणात गणती होती. खुर्चीत मात्र ते कुठेच नव्हते.

१९१९ च्या सुधारणांनंतरच्या कौन्सिलमध्ये एक गोष्ट आवर्जून सांगावी अशी आहे. या सभागृहाचे पहिले अध्यक्ष सर नारायण चंदावरकर. त्यांच्यानंतर सर इब्राहिम रहिमतुल्ला, ज्यांनी पुढे केंद्रीय कायदेमंडळाचंही अध्यक्षपद भूषवलं. आणि १९२७ ते १९३६ अशी जवळजवळ दहा वर्षं अध्यक्षाच्या खुर्चीत सर अली महंमद खान देहलवी होते. याच काळात, १९२७ पासून, डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारनियुक्त सदस्य म्हणून त्या सभागृहात बसत होते. त्याआधी, १९२३ च्या ऑगस्टमध्ये, सीताराम केशव बोले यांचा ठराव इथेच मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा. महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ओंजळ भरायला गेले ते याच ठरावाचा हक्क बजावायला. पुढे १९२८ मध्ये गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले. ते भाषण त्यांनी अध्यक्षांना, म्हणजे देहलवींना, उद्देशून केलं.

बाबासाहेब निवडून आले नव्हते, नेमलेले होते. सावनूरचे नवाबही नेमलेलेच होते. दोघांची खुर्ची एकाच जातीची, पण एकाने ती वापरली. नेमणुकीची जागा वाईट की चांगली, हे तिच्यावर कोणाला आणि कशासाठी बसवलं यावर ठरतं. पुढे २०२४ कडे येताना याची गरज लागेल.

आता खऱ्या अर्थाने ‘वरचं सभागृह’. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताला दोन सभागृहं दिली. खालचं १७५ सदस्यांचं असेंब्ली आणि वरचं कौन्सिल, ज्यात कमीत कमी २९ आणि जास्तीत जास्त ३० सदस्य. २० सर्वसाधारण, ५ मुस्लिम, १ युरोपियन, आणि ३ किंवा ४ गव्हर्नरने नेमलेले. हे सभागृह कायमचं, बरखास्त न होणारं, ठरावीक मुदतीने एक तृतीयांश सदस्य बदलणारं. जुलै १९३७ मध्ये पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये नव्या विधिमंडळाचं कामकाज सुरू झालं. पावसाळ्यात सरकार पुण्याला येत असे, त्यामुळे मुंबईचे सदस्य बोरघाट चढून लोणावळ्यावरूनच पुण्याला जात. आमच्या औंढ्याच्या माळावरून घाट चढून आलेल्या गाडीची शिट्टी ऐकू येते. त्या गाडीत कोण बसलंय याच्याशी तेव्हाच्या औंढ्याला काही देणंघेणं नव्हतं, कारण वरच्या सभागृहाला मत द्यायला मोठा सारा, मोठा प्राप्तिकर, नाहीतर खिताब लागायचा. वरकस जमिनीत नाचणी-वरई पिकवणाऱ्याला यातलं काय मिळणार?

मंगळदास पकवासा या सभागृहाचे अध्यक्ष झाले. १९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि युद्ध संपेपर्यंत सगळं गव्हर्नरच्या हाती गेलं. त्यामुळे त्या पाच मुस्लिम जागांचा प्रत्यक्ष कारभार फार थोड्या दिवसांचा आहे.

तरी आकडा पाहा. सिंध १ एप्रिल १९३६ रोजी वेगळं झालं. उरलेल्या मुंबई प्रांतात मुसलमान होते नऊ टक्क्यांच्या आसपास. वरच्या सभागृहात त्यांच्या जागा सहाव्या हिश्शाएवढ्या. म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट वजन. हे आपण प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे. आज प्रतिनिधित्वाचा हिशेब मांडताना १९३७ कडे बोट दाखवणाऱ्यांनी हेही सांगावं की ते वजन कोणाच्या पदरात पडलं. जमीनदार, व्यापारी, खिताबवाले. आणि त्या जागेवर निवडून येणाऱ्याला शेजारच्या हिंदूचं एकही मत मागावं लागत नव्हतं. ज्याचं मत मागायचं नाही, त्याच्या अडचणीही ऐकाव्या लागत नाहीत. उलट बाजूनेही तेच. हिंदू उमेदवाराला मुसलमानाच्या दारात जायचं कारण उरलं नाही. फाळणीची कारणं अनेक आहेत, पण एकमेकांच्या दारात जाण्याची सवय मोडणं हे त्यातलं एक आहेच.

संविधान सभेत हा प्रश्न मे १९४९ मध्ये निकाली निघाला. स्वतंत्र मतदारसंघ आधीच गेले होते. आता अल्पसंख्याकांसाठी राखीव जागाही काढून टाकाव्यात असा निर्णय झाला. बेगम ऐजाज रसूल यांनी त्याला पाठिंबा दिला. उत्तर प्रदेशच्या या बाई १९३७ मध्ये तिथल्या वरच्या सभागृहात निवडून आल्या होत्या आणि उपाध्यक्षही झाल्या होत्या. राखीव जागा म्हणजे अल्पसंख्याकाला कायमचं वेगळं पाडणं, असा त्यांचा मुद्दा होता. मद्रासचे महंमद इस्माईल विरोधात होते. दोघेही मुस्लिम लीगमधून आलेले, पण दोघांनी भविष्याचा अंदाज वेगळा बांधला. बेगम साहेबांनी बहुसंख्याकांच्या चांगुलपणावर भरवसा टाकला असं म्हणणारे आज पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. पडद्यातून बाहेर येऊन निवडणूक लढवलेली बाई भाबडी नसते. त्यांनी भरवसा टाकला तो एकत्र मतदानाच्या गणितावर. आपली मतं लागतील तर आपल्याला विचारावं लागेल, असं ते गणित. विधानसभेत ते काही प्रमाणात खरंही ठरलं. विधान परिषदेत मात्र ते लागूच होत नाही, आणि ही बाब आपल्याकडे नीट मांडली जात नाही.

विधान परिषदेत आज ७८ सदस्य आहेत. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात. २२ जणांना स्थानिक स्वराज्य संस्थांचे लोकप्रतिनिधी. पदवीधर ७, शिक्षक ७, आणि राज्यपाल नेमतात ते १२. सामान्य मतदार म्हणून तुमचा-माझा इथे काही संबंध नाही.

मागे औंढ्याच्या फाट्यावर चहा पिताना आमच्या ग्रामपंचायतीचे एक सदस्य मला म्हणाले, “भाई, आपण पण स्वराज्य संस्थाच ना? मग विधान परिषदेला आम्हाला मत का नाय?” प्रश्न अगदी रास्त होता. खाली लोणावळ्याच्या नगरपरिषदेतला नगरसेवक पुणे स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात मत देतो, पण औंढ्याचा सरपंच देत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायत सदस्यांना हा अधिकार नाही. शेजारच्या कर्नाटकात आहे. सावनूरच्या आजूबाजूच्या खेड्यातला पंचायत सदस्य विधान परिषदेला मत देतो, औंढ्याचा देत नाही. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग पाकिटं तिकडं खेड्यात जात असतील.” या मतदारसंघाची खरी ओळख लोकांना तोंडपाठ आहे. आणि २०२२ पासून तर स्थानिक निवडणुकाच रखडल्या. मतदारसंघातल्या किमान पंचाहत्तर टक्के संस्था कार्यरत असल्याशिवाय निवडणूक घेता येत नाही, त्यामुळे या बावीसपैकी एकामागून एक जागा मुदत संपून रिकाम्या पडत गेल्या.

आता आमदारांनी निवडायच्या ३० जागा. इथे एकल संक्रमणीय मतपद्धत आहे. नाव अवघड, हिशेब सोपा. एकूण मतांना जागांच्या संख्येत एक मिळवून भागायचं, त्याहून जास्त मतं ज्याला तो निवडून आला. जुलै २०२४ मध्ये ११ जागा होत्या आणि मत देणारे आमदार २७४. दोनशे चौऱ्याहत्तर भागिले बारा. पहिल्या पसंतीची २३ मतं मिळाली की जागा पक्की. ही पद्धत घटनाकारांनी ठेवली ती अल्पमताला जागा मिळावी म्हणून. साध्या बहुमताने ११ च्या ११ जागा सत्ताधारी पक्षाने खाल्ल्या असत्या.

पण कोणतं अल्पमत? त्या विधानसभेत मुस्लिम आमदार होते दहा. समजा ते पक्ष विसरून एकत्र आले असते, जे होणार नव्हतं आणि व्हावं असंही मी म्हणत नाही, तरी तेवीसचा आकडा तेरा मतांनी लांब. म्हणजे ही पद्धत पक्षांच्या अल्पमताला राखते. समाजाच्या अल्पमताला जागा हवी असेल तर ती पक्षाच्या यादीतूनच यावी लागते. आणि यादी ज्या खोलीत बनते तिथे आपली मतं लागत नाहीत. विधानसभेला मुस्लिम मतं हवी असतात म्हणून एखादं तिकीट मिळतं. विधान परिषदेला मतदार आमदारच, मग तिकीट देण्याची गरज काय? २०११ च्या जनगणनेत राज्यात साडेअकरा टक्के मुसलमान. साडेअकरा टक्क्यांनी ७८ चे नऊ होतात. पण बेगम रसूल यांचं गणित इथे चालू होण्याआधीच थांबतं. जुलै २०२४ मध्ये ज्या पक्षांना आपण महिन्यापूर्वीच लोकसभेला भरभरून मतं दिली होती, त्यांनीही या अकरात एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. मला राग आला तो याचा. शून्याचा दोष एकट्या सत्ताधाऱ्यांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

राहिल्या बारा नियुक्त जागा. संविधानाच्या १७१ व्या कलमात साहित्य, शास्त्र, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा असे पाच प्रांत दिलेत. राज्यसभेच्या यादीत सहकार नाही, विधान परिषदेच्या आहे. महाराष्ट्राला हे कलम किती शोभतं! आणि एके काळी ते शोभलंही. ग. दि. माडगूळकर १९६२ पासून बारा वर्षं परिषदेत होते. ना. धों. महानोर आले आणि कवितेइतकंच पाण्यावर आणि शेतीवर बोलले. परभणीच्या डॉ. फौजिया खान नियुक्त सदस्य म्हणून आल्या, राज्यमंत्री झाल्या. मराठवाड्यातली एक मुस्लिम बाई शिक्षणसंस्थेच्या कामातून थेट मंत्रालयात पोहोचली, ते या दारातून. विधानसभेच्या निवडणुकीतून हे किती अवघड होतं, ते मराठवाड्यातले वाचक जाणतात.

अलीकडे या दाराचं काय झालं? नोव्हेंबर २०२० मध्ये त्या वेळच्या सरकारने बारा नावं राज्यपालांकडे पाठवली. राज्यपालांनी ना हो म्हटलं ना नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे. तरीही निर्णय आला नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने यादी मागे घेतली. बाराच्या बारा खुर्च्या वर्षानुवर्षं धूळ खात राहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर व्हायच्या दिवशीच, सात भरल्या. त्या सातांत बहुतेक पक्षांचे पदाधिकारी, माजी आमदार-खासदार नाहीतर राजकीय घराण्यातले. कवी नाही, शास्त्रज्ञ नाही. नायकवडी साहेबांबद्दल माझी तक्रार नाही. पण तेही पक्षाच्या हिशेबातूनच आले आणि ते आले नसते तर आपला आकडा शून्यच राहिला असता. साडेअकरा टक्के लोकांचा आवाज एका पक्षाच्या मर्जीवर टांगलेला.

जगात दुसरीकडेही वरची सभागृहं अशीच जुन्या वजनांची शिल्लक सांभाळत बसलेली असतात. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. लोकसंख्या सुमारे ८४ हजार, म्हणजे आमच्या मावळ तालुक्याच्या पाव हिश्शाहून कमी. त्यांच्या टिनवाल्ड या विधिमंडळाला हजार वर्षांची परंपरा आहे असं ते सांगतात आणि १९७९ मध्ये त्यांनी सहस्राब्दी साजरीही केली. या एवढ्याशा बेटालाही विधान परिषद आहे. अकरा जणांची. त्यातले आठ खालच्या सभागृहाने निवडलेले, आणि उरलेल्या तिघांत एक तिथला बिशप, केवळ बिशप आहे म्हणून. चर्चच्या माणसाला मतदानाचा अधिकार का असावा, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चाललाय. आपल्याकडे धर्माच्या नावाने खुर्ची नको असं १९४९ मध्ये ठरलं, ते मला त्या बेटापेक्षा पुढचं पाऊल वाटतं. मी आजही स्वतंत्र मतदारसंघ मागणार नाही. राखीव जागाही नाही.

मग विधान परिषदच बंद करावी का? पश्चिम बंगालने १९६९ मध्ये केली, तमिळनाडूने १९८६ मध्ये. आंध्रने १९८५ मध्ये केली आणि २००७ मध्ये परत आणली. आपले काही तरुण म्हणतात, जिथे आपण नाही ते सभागृह हवंच कशाला. या प्रश्नापाशी मला वि. स. पागे आठवतात. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते या परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये त्यांनी विसापूरला (आमच्या डोक्यावरचा किल्ला नव्हे, तासगाव तालुक्यातलं गाव) काम मागेल त्याला काम देण्याचा एक प्रयोग करून पाहिला. त्यातून रोजगार हमी योजना निघाली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. केंद्राने २००५ मध्ये देशभर आणलेला रोजगार हमी कायदा याच मुळातून आला. सभापतीच्या उंच खुर्चीत बसलेल्या माणसाने खडी फोडणाऱ्या बाईचा विचार केला. त्या बायांत मुसलमान बायाही होत्या. शेख, पठाण, सय्यद आडनावाच्या, मराठवाड्यात पाझर तलावांवर टोपल्या वाहिलेल्या. त्यांना परिषदेत कोणी मुसलमान आहे की नाही हे माहीतही नसेल. ग. प्र. प्रधान पुणे पदवीधर मतदारसंघातून अठरा वर्षं निवडून येत राहिले, विरोधी पक्षनेते झाले. जात-धर्म पाहून त्यांना कोणी मत दिलं नाही. म्हणून सभागृह बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही.

आणि प्रधान सरांच्या नावावरून एक व्यवहाराची गोष्ट. ७८ पैकी १४ जागा, पदवीधरांच्या आणि शिक्षकांच्या, अशा आहेत जिथे पक्षाच्या खोलीपलीकडे मतदार आहे. पण पदवीधर मतदारसंघाची यादी विधानसभेसारखी आपोआप चालत येत नाही. दर निवडणुकीला ती नव्याने बनते. नमुना क्रमांक १८ भरावा लागतो, पदवीची साक्षांकित प्रत जोडावी लागते, पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात. शिक्षकांसाठी नमुना १९. माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-कॉलेजात सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेलं असलं पाहिजे. पुणे मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. २०२० च्या निवडणुकीआधी मी वडगावला जाऊन अर्ज दिला, तेव्हा ओळखीच्या दहा पदवीधर मुस्लिम पोरांना विचारलं. दहापैकी आठांना असा मतदारसंघ असतो हेच माहीत नव्हतं. त्यातला एक एमएस्सी, एक वकील. उर्दू माध्यमाच्या शाळांमधल्या शिक्षकांची स्थितीही फार वेगळी नाही. मशिदीतून ईदच्या नमाजाची वेळ सांगितली जाते, मतदार नोंदणीची तारीख सांगितली जात नाही.

तय्यबजींनी अंजुमनची शाळा आणि कौन्सिलची खुर्ची एकाच वेळी सांभाळली होती. आपल्याकडे आता शाळा पुष्कळ आहेत, पदवीधरही झालेत. पुणे पदवीधरची मागची निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते, यादीसाठी अर्हता दिनांक १ नोव्हेंबर धरतात. अर्ज तहसील कार्यालयात मिळतो.